घटावरचा खिळा

यंदा घट बसायच्या आधी पंधरा दिवस आम्ही घरातली जुनी वायरिंग काढली. उमरग्याहून वायरमन आला होता. माझ्याच वयाचा, केस पिकलेला, बोलायला मोकळा माणूस. मधल्या खोलीत वायरची लाकडी पट्टी कुठून गेली आहे ते बघायला त्यानं भिंतीवर हातोडीच्या दांड्यानं ठकठक केलं, पण त्याला काही ती सापडेना. सापडणार कशी? पस्तीस वर्षं दर नवरात्राच्या आधी मी त्या भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवत आले. थरावर थर बसून पट्टी भिंतीत बुडून गेली होती.

शेवटी मी उठले आणि बोटानं रेघ काढून दाखवली. "इथनं निघती, तिथं वाकती, आन् देवळीवरनं सैपाकघरात जाती."

"तुमाला कसं ठावं?"

"सारवताना हाताला लागायची."

त्यानं माती खरवडली. पट्टी मी सांगितली तिथंच निघाली. मग एकेक खिळा दिसायला लागला. वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरचा, आरशाचा, फणीच्या पिशवीचा, लग्नातल्या फोटोचा. तो हसायला लागला. "ताई, ही वायरची पट्टी हाय का खुंटाळं?"

मला पण हसू आलं. पण देवळीच्या, देवाच्या कोनाड्याच्या, वर आल्यावर तो हसायचा थांबला. तिथं खिळा नव्हता, नुसतं मोठं भोक होतं. त्यानं पट्टीचं झाकण उचकटलं. आत दोन काळ्या वायरी होत्या. त्यातल्या एकीचं रबर भोकाच्या जागी फाटलेलं आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं.

"इथं खिळा हुता?"

"व्हता."

"आन् कुणी मेलं न्हाय?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

तेव्हापासून ते सगळं डोक्यात फिरतंय. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव मुरुमच्या जवळ. घर तीन खोल्यांचं, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात वीज येऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांनी हौसेनं घेतली होती. प्रत्येक खोलीत एक दिवा, काळं गोल बटण, ते दाबलं की टक् असा मोठा आवाज व्हायचा. माझ्या माहेरी तेव्हा अजून कंदील होता. पहिले काही दिवस मी कुणी नसताना नुसतंच बटण दाबून बघायची. पिवळा दिवा लागायचा आणि माळवदाच्या लाकडांवर सावल्या पडायच्या. मला ते फार आवडायचं. सासूबाईंनी एकदा बघितलं. वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "म्याबी आसंच करायची, लाईट नवी नवी आल्ती तवा."

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. बारीक बांध्याच्या, काटक, आणि देवाधर्माच्या बाबतीत फार कडक. बाकी कशात नाही. मीठ जास्त पडलं तर पाणी पिऊन गप जेवायच्या. त्यांनीच मला घराचं सगळं शिकवलं. पांढरी माती किती भिजवायची, पोतेरं कसं फिरवायचं, आणि या घरातली वीज कुठं कुठं चावते. हो, चावते असंच म्हणायचे सगळे. पावसाळ्यात माळवद झिरपलं की सैपाकघराची भिंत चावायची. त्या भिंतीवरच्या बटणाखाली एक पाट कायम असायचा. पाटावर उभं राहायचं आणि मग बटण दाबायचं. पाहुणी आली तर तिला घोटभर पाणी देतानाच सांगायचं, "पाटावर उभं ऱ्हा बरं का बाई." कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मारक्या म्हशीपासून जसं लांबून जावं, तसं.

आणि खिळे. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. दोन ठोके मारले की ढपली निघते आणि खिळा हातात येतो. लाकडात मात्र घट्ट बसतो. आणि भिंतीवर लाकूड होतं ते फक्त वायरच्या पट्टीचं. तेव्हा घरात जे काही टांगायचं ते पट्टीवर. आत वायर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण खिळा वायरीपर्यंत जाईल, असं कुणाच्या मनात आलं नाही. झाकण लावलेलं असलं की माणसाला आतलं विसरायला होतं.

देवळीच्या वरचा खिळा आत्यांनी स्वतः ठोकून घेतला होता. त्याला कारण होतं. आमच्याकडं नऊ दिवस घटावर रोज एक माळ चढते, तरवडाच्या, कारळाच्या फुलांची, जी मिळतील त्यांची. आणि अष्टमीला फुलोरा बांधतात, म्हणजे तळलेल्या कडाकण्या माळांच्या मधे टांगतात. त्याचं वजन बरंच होतं. मी यायच्या आधी एका वर्षी दोरा तुटून सगळा फुलोरा घटावर पडला होता. त्याच साली सासरे गेले. तेव्हापासून आत्यांनी दोऱ्याचं नावच टाकलं. मोठा खिळा लाकडात खोल ठोकून घेतला आणि त्याला बारीक लोखंडी तार बांधली. तार खाली, देवळीपुढं जमिनीवर मांडलेल्या घटापर्यंत यायची, कारण माळ घटाला टेकली पाहिजे. घट म्हणजे पत्रावळीवर शेतातली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, आणि मधे पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं. ते झिरपत राहतं, माती ओली राहते, आणि दसऱ्यापर्यंत हिरवे कोंब वीतभर वाढतात.

मी यायच्या आधीपासूनच आत्यांना घटाला हात लावताना काहीतरी जाणवायचं. सकाळी आंघोळ करून ओल्या हातानं त्या मडक्यात पाणी घालायच्या आणि बोटांतून मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. त्या डोळे मिटायच्या. "आली गं आई," म्हणायच्या. पहिल्यांदा मला दाखवलं तेव्हा मी पण हात लावला. मुंगी चालल्यासारखं झालं. अंगावर काटा आला. मी पण हात जोडले. खरंच जोडले, खोटं कशाला लिहू.

हळूहळू गल्लीत कळलं. सकाळी आरतीला बाया यायला लागल्या. रांगेनं घटाच्या मातीला बोट लावायच्या.

"व्हय गं बाई, जाणवतंय!"

"मला तर खांद्यापतोर आली." ही शेजारची काकू. तिचं सगळंच मोठं असायचं.

आत्या शांत बसलेल्या असायच्या. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी बाकी वर्षभर कधी बघितला नाही. नवरा लवकर गेलेला, शेती कोरडवाहू, एकटीनं मुलगा वाढवलेला. त्यांच्या घरी देवी येते, दुसरीकडं कुठं नाही, याचा त्यांना आधार होता.

मी सांगते ते साल पावसाचं होतं. भाद्रपद संपला तरी पाऊस सुटेना. माळवद झिरपत होतं, मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती. घट बसले आणि पहिल्याच माळेला आत्यांचा हात झटका बसल्यासारखा मागं आला. त्यांना भीती वाटली नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं. "औंदा लई जोरात हाय आई," म्हणाल्या.

चौथ्या माळेला फुलं यायला उशीर झाला. पावसानं तरवडाची झाडं झोडपली होती. आमचे हे लांब ओढ्यापर्यंत जाऊन फुलं घेऊन आले. माळ ओवून होईपर्यंत लाईट गेली. तेव्हा रोज ठरलेल्या वेळी जायची. आत्यांनी अंधारातच पाणी घातलं, माळ चढवली, आणि हात घटावर तसाच ठेवून बसल्या. काहीच नाही.

"उशीर झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आई वाट बघून उठून गेली."

मी वर बघितलं. दिवा बंद होता. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्या पुस्तकांत विजेचं काही नव्हतं. पण सैपाकघराची भिंत चावते ती लाईट असतानाच, हे मला रोजच्या हातानं माहीत होतं. मी दिव्याकडं बघितलं, खिळ्याकडं बघितलं, तारेवरून खाली घटापर्यंत बघितलं. 

तेवढ्यात शेजारच्या काकूनं मातीला बोट लावलं. "आली की! खांद्यापतोर!"

लाईट नसताना.

मी कुणाला काही बोलले नाही. मला बोलायला जमायचंच नाही. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, आणि हे तर देवीच्या विरुद्ध होतं, आत्यांच्या तोंडावर. मनात म्हटलं, इतकी वर्षं काही झालं नाही, अजून पाच दिवस.

पाचव्या माळेला आत्यांनी परत हात लावला, परत झटका बसला. त्या खुशीत होत्या. आरती झाल्यावर माझ्या लेकीला जवळ घेतलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती, सारखी घटाजवळ बसून कोंब मोजायची.

"अष्टमीला पाणी हिच्या हातनं घालायचं," आत्या म्हणाल्या. "कुमारिका हाय. आईनं हिचा हात धरला पायजे."

लेक नाचायला लागली. "मी घालणार, मी घालणार! आई, म्या परकर घालू का हिरवा?"

मला त्या क्षणी आमच्या गल्लीतली शेळी दिसली. पावसाळ्यातच विजेच्या खांबाला ताण दिलेल्या तारेला लागून मेली होती. तिच्याबरोबर तिचं करडू होतं. मोठी शेळी पाय झाडत थोडा वेळ होती. करडू एका क्षणात गेलं होतं. लहान जीव.

सहाव्या माळेपासून मी एक केलं. सकाळी आरतीच्या आधी ओट्यावर जायची आणि मीटरखालच्या खोक्यातला पांढरा चिनी मातीचा फ्यूज काढून पदरात घ्यायची. आरती झाली की परत लावायची. वाटलं, उरलेले चार दिवस असंच काढू; दिवा नाही लागला तर लाईट गेली म्हणतील, कुणाला कळायचं नाही.

पण आत्या. सहाव्या माळेला हात ठेवून बसल्या, किती वेळ. मग सातव्या माळेला. उशीर झाला नव्हता, तरी देवी आली नाही. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. दुपारी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी, तुला काई अडचण तर न्हाई ना आली? आली आसंल तर सांग. रागावत न्हाई म्या."

"न्हाय, आत्या."

"मग माजंच काईतरी चुकलं." त्यांनी त्या दिवसापासून पाणीसुद्धा सोडलं. आई परत येईपर्यंत थेंब घ्यायचा नाही. फ्यूज मी काढत होते आणि त्या उपाशी बसल्या होत्या. मी दोनदा त्यांच्याजवळ गेले. दोनदा तशीच परत आले.

अष्टमीला पहाटेपासून मी चुलीपुढं कडाकण्या तळत होते. फ्यूज आधीच काढून पिठाच्या डब्यामागं ठेवला होता. सैपाकघरात अंधारच होता, चुलीचा उजेड तेवढा. मधल्या खोलीत बाया जमल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. लेक हिरवा परकर घालून पाटावर बसली होती. आत्यांनी घटापुढची जमीन मुद्दाम नुकतीच सारवून ठेवली होती, अजून ओली, कारण पाटावर बसून देवीला पाणी घालत नाहीत. "म्होरं सरक. भुईवर बस," त्या म्हणाल्या ते मी ऐकलं. मी घाबरले नाही. फ्यूज माझ्याजवळ होता.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा दिवा लागला.

कढईतल्या तेलावर पिवळा उजेड पडला. मला आधी कळलंच नाही. आमचे हे शेतातून आले होते. रेडिओ लागेना आणि समोरच्या घरात तर दिवा आहे, म्हणून त्यांनी खोकं उघडलं, फ्यूज नाही बघून घरातली एक वायर दुमडून सरळ तिथं अडकवली. ते नेहमीच असं करायचे.

झारा कढईतच राहिला. मी मधल्या खोलीत कशी गेले ते आठवत नाही. लेकीनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला होता.

"हात लावू नको!"

माझा एवढा मोठा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. लेकीच्या हातून तांब्या सुटला, पाणी जमिनीवर पसरलं. मी तिला खसकन मागं ओढली. ती रडायला लागली.

"आगं बाई, देवीम्होरं आसं वरडतेत व्हय?" कुणीतरी म्हणालं. आणि काकू, "कुमारिकेच्या हातातला तांब्या पाडला. आता काय बोलावं!"

आत्या बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. माझा आवाज ऐकून त्यांना नवल वाटलं असावं.

"आत्या," मी म्हणाले, "ती देवी न्हाय. ती लाईट हाय. खिळ्यातनं येती."

 आमचे हे दारात येऊन उभे होते.

"मग दोन दिवस का आली न्हाई?" आत्यांनी विचारलं.

"म्या फ्यूज काढत हुते."

आत्यांनी दाराकडं बघितलं. मग मुलाला म्हणाल्या, "काढ." यांनी बाहेर जाऊन वायर काढली. दिवा गेला. आत्यांनी घटाला बोट लावलं. काढलं.

"लाव."

"आत्या, नगं."

"म्या म्हंते, लाव."

मी सैपाकघरातला पाट आणून त्यांच्याखाली सरकवला. त्यांनी तो सरकवू दिला. दिवा लागला. त्यांनी या वेळी बोटाची मागची बाजू नुसती टेकवली, आणि हात झटकन मागं घेतला. परत "काढ" म्हणाल्या, परत लावून बघितलं. तीन वेळा. शेतातलं बी हातात घेऊन बघावं, तसं.

शेवटी काकूला राहवेना. "पर माज्या तर खांद्यापतोर..."

"तुला लाईट नसतानाबी येत हुती," आत्या म्हणाल्या. "तू गप बस."

एक बाई हसली, मग दुसरी. मग सगळ्याच हसल्या. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या लेकीला ओढून मांडीवर घेतलं, तिचे दोन्ही ओले हात आपल्या पदरानं कोरडे केले, एकेक बोट वेगळं करून. मग देवळीकडं बघून म्हणाल्या, "मग इतकी वर्सं मला राखलं कुणी?"

 त्यांनी घटाला लांबूनच हात जोडले आणि पाणी मागितलं. कालपासूनचं कोरडं तोंड होतं. मी पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या.

यांनी खिळा उपटला. त्या वर्षीचा फुलोरा आत्यांनी माळवदाच्या तुळईला दोऱ्यानं बांधला. दोऱ्याचा धसका त्यांनी त्या दिवशी सोडला.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. आत्या शेजारी येऊन बसल्या.

"कवापासनं ठावं हुतं तुला?"

"चौथ्या माळंपासनं."

त्यांनी मनात हिशोब केला असावा. पाचव्या माळेला त्यांनी हात लावला होता, मी बघत होते. त्यांना कसला झटका बसला तेही मी बघितलं होतं.

"पोरीच्या येळंला तोंड उगडलंस," त्या म्हणाल्या. "माज्या येळंला न्हाई उगडलंस."

बस, एवढंच. आवाज नेहमीसारखाच होता. मी राख लावलेला तांब्या हातात धरून तशीच बसले. माफी मागायला हवी होती, ती पण मागता आली नाही. थोड्या वेळानं त्यांनीच माझ्या हातातला तांब्या घेतला आणि विसळला.

पुढच्या वर्षी पहिल्या माळेला मी सैपाकघरात होते. घटापुढून आत्यांचा आवाज आला, "काढलास का गं?"

मी धावत जाऊन फ्यूज काढला. "काढला, आत्या."

मग त्यांनी पाणी घातलं. आता खिळा नव्हता, तार नव्हती, काढायची काही गरज नव्हती. आम्हाला दोघींना ते माहीत होतं. पण पुढं त्या होत्या तोपर्यंत दर वर्षी नऊ दिवस सकाळी त्या विचारायच्या आणि मी उत्तर द्यायची. आरतीच्या आधीचं ते एक कडवंच झालं. गल्लीतल्या नव्या सुना बघायच्या, हे काय चाललंय म्हणून. कधी मला वाटायचं, त्या मला रोज टोचतात. कधी वाटायचं, त्या मला रोज तोंड उघडायला लावतात. शेवटच्या वर्षी त्या खाटेवरून उठू शकत नव्हत्या, घटाचं सगळं मीच केलं. पण खाटेवरून विचारलं, "काढलास का गं?" आणि मी म्हणाले, "काढला, आत्या," तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पूर्वी घटाला हात लावून मिटायच्या तसे.

त्या गेल्यावर कुणी विचारलं नाही. मीच मनात विचारायची आणि फ्यूज काढायची.

आता वायरिंग नवी झाली. पांढऱ्या नळीतून वायरी गेल्या आहेत, तिसरी हिरवी वायर अंगणात जमिनीत सोडली आहे. फ्यूज नाही, ओट्यावर खटके आहेत, काही झालं तर आपोआप पडतात म्हणे. वायरमननं देवळीच्या वर भिंतीतल्या दगडाला गिरमिटानं भोक पाडून, प्लास्टिकची गिट्टी बसवून हूक लावून दिला. वायरीपासून हातभर लांब. "आता बिनघोर ऱ्हावा, ताई. भिंत काय न्हाय करत." काळी गोल बटणं तो पोत्यात भरून न्यायला निघाला, तेव्हा मी एक मागून घेतलं. ते आता देवळीत आहे. कधी दाबून बघते. टक् असा आवाज येतो.

यंदा लेक घटाला आली होती, तिच्या मुलीला घेऊन. नात सहा वर्षांची आहे. अष्टमीला सकाळी मी तिला घटापुढं बसवलं आणि तांब्या भरायला सैपाकघरात गेले. लेक मधल्या खोलीत फुलोरा बांधत होती. मी तांब्या घेऊन वळले, आणि तिथून लेकीचा आवाज आला, अगदी आत्यांसारखा, शेवटचं अक्षर जरा ओढून.

"काढलास का गं?"

तिला एवढ्या लहानपणचं आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी तांब्या खाली ठेवला, बाहेर ओट्यावर गेले, सगळे खटके एकेक करून खाली केले. घरातला पंखा थांबला.

"काढला," मी बाहेरूनच म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

मग आत येऊन नातीच्या हातात तांब्या दिला.